अडलेली दिवाळी

आमच्या घरात दिवाळी अडलेली आहे. हे वाक्य मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय, की आता ते सांगताना घराचा पत्ता सांगितल्यासारखं वाटतं. ज्यांना कळत नाही ते विचारतात, अडलेली म्हणजे काय? मग पुढचंही सांगते. ऐन सणाच्या दिवशी घरातलं माणूस गेलं, तर तो सण त्या घरात अडतो. त्या सणाला त्या घरी कढई चढत नाही, पणती लागत नाही. एका वर्षापुरतं नाही, कायमचं. सुटायचा मार्ग एकच. पुढे कधीतरी त्याच तिथीला त्या घरात मूल जन्मलं किंवा गोठ्यात गाय व्याली, की सण सुटला. मग चकल्या तळा, आकाशकंदील लावा, कोणी अडवत नाही.

आमची दिवाळी अडली त्याला एकोणतीस वर्षं झाली. नरक चतुर्दशीला, पहिल्या अंघोळीच्या सकाळी, माझा थोरला मुलगा गेला. साडेतीन वर्षांचा होता.

लोक हळहळतात आणि म्हणतात, सुटेल हो कधीतरी. मी मान हलवते. तो सुटायला मला नको होता, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, बाई दुःख उराशी धरून बसलीय. तसं दुःख वगैरे काही उरलं नव्हतं. पण वर्षातून एक दिवस असा यायचा की सगळ्या गल्लीत दिवे आणि आमचंच दार अंधारात. जाणारा-येणारा त्या दाराकडे बघून घटकाभर आवाज खाली आणायचा. त्याचं म्हणून जगात एवढंच उरलं होतं. सण सुटला की तेही जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आम्ही सांगलीजवळ माधवनगरला राहतो. हे आधी इथल्या मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर मार्केट यार्डात हळदीच्या दुकानात लागले. सासर मूळचं कोरेगावचं. सासूबाई पुष्कळ वर्षं तिकडेच शेत आणि जनावरं सांभाळून होत्या, गुडघे गेल्यावर इकडे आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. पहिल्या अंघोळीच्या सकाळी हे अंघोळ न करताच कुठंतरी निघून जातात आणि दुपारी जेवायला येतात. कुठे जातात ते मी विचारत नाही, तेही सांगत नाहीत.

आणि गंमत अशी की आमच्या भागातल्या निम्म्या घरांचा दिवाळीचा फराळ माझ्या हातचा असतो.

याची सुरुवात केली समोरच्या अक्कांनी. अक्का जैन आहेत, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, आणि विचारायच्या आधी निकाल देणाऱ्या. मुलगा गेल्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "घरात बसून भिंती किती बघशील? चल की गं, माझ्या चकल्यांचे तुकडे पडायलेत."

मी म्हटलं, "अक्का, आमचा सण अडलाय."

"सण तुझ्या शेगडीला अडलाय. हाताला काय झालंय?"

आत्याबाई तेव्हा चार दिवसांसाठी आलेल्या होत्या. त्यांनी पण मान डोलावली. मी गेले. भाजणीत मोहन कमी पडलं होतं, ते घातलं, पीठ पुन्हा मळलं, आणि दिवस मावळायच्या आत चार डबे भरून दिले. मावळायच्या आत, कारण अक्कांकडे त्यानंतर कोणी तोंडात काही घालत नाही, स्वयंपाकघरही आवरलेलं असतं. त्यांच्या चिवड्यात कांदा-लसूण नाही आणि तो कुरकुरीत राहतो तो कढीपत्ता आणि खोबऱ्याच्या कापांवर. ते मी त्यांच्याकडून शिकले, बाकीचं त्यांनी माझ्याकडून.

मग एकीने दुसरीला सांगितलं. दसरा झाला की निरोप येऊ लागले. आमच्याकडे सोमवारी, आमच्याकडे बुधवारी. कोणाच्या चकल्या, कोणाचे चिरोटे, कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाईंचे अनारसे. अनारसा तुपात टाकल्यावर पसरून त्याची शकलं झाली, तर बायका म्हणतात, अनारसा हसला. गूळ जास्त झाला की हसतो, तूप फार तापलं की हसतो. माझा कधी हसत नाही. अक्का एकदा भर बायकांत म्हणाल्या, "हिच्यासमोर हसायची टाप हाय काय कुणाची?" सगळ्या हसल्या. मीही हसले बहुतेक.

मला यातलं काही आवडायचं असं नाही, नकोसं वाटायचं असंही नाही. चकली तेलात सोडली की तिच्याभोवती बुडबुड्यांची गर्दी होते. ते कमी होत जातात. पुरते थांबायच्या जरा आधी चकली काढायची, एवढंच लक्ष ठेवायचं असतं. माणूस सात-आठ तास नुसते बुडबुडे बघत बसू शकतं, हे मला तेव्हा कळलं. पाठ दुखायची, पण दिवस जायचा.

निघताना प्रत्येक घरातून डबा मिळायचा. आमच्याकडे फराळ करायला बंदी होती, खायला नव्हती. त्यामुळे धाकट्याला कधी काही कमी पडलं नाही, असं मी धरून चालले होते.

धाकटा थोरला गेल्यावर दीड वर्षाने झाला. वैशाखात. आत्याबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, दिवाळीत झाला असता तर बरं झालं असतं.

आता त्या दिवसाचं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. पोराला दोन दिवस ताप होता. डॉक्टरांनी गुलाबी औषध दिलं होतं, ते दिलं की उतरायचा. धनत्रयोदशीला दिवेलागणीच्या वेळेस तो गळून गेल्यासारखा पडला होता. मी चकल्या तळत होते. हे आतून येऊन म्हणाले, मला काही बरं दिसत नाही, नेऊया. मी म्हटलं, एवढा घाणा काढते आणि निघू. तेव्हाच्या आमच्या कढईत एका घाण्याला पाच चकल्या बसायच्या. त्या काढल्या. मग पीठ थोडंच उरलं होतं, वाया कशाला जाऊ द्यायचं, म्हणून आणखी एक घाणा काढला. मग हात धुतले, गॅस बंद केला आणि त्याला शालीत गुंडाळून सांगलीला नेलं. पहाटे बाहेर पहिले फटाके वाजायला लागले तेव्हा तो गेला. मेंदूज्वर म्हणाले.

डॉक्टर नंतर म्हणाले, अर्ध्या तासाने काही फरक पडला नसता. फार चांगले गृहस्थ होते. चांगली माणसं असंच म्हणतात. मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचा खूप प्रयत्न केला, अजून करते. दोष माझा होता असं मला वाटतं आणि ते या कागदावर लिहून टाकते, कारण तोंडाने मी ते कधीच म्हटलेलं नाही.

धाकटा आता सत्तावीस वर्षांचा आहे. साताऱ्याला एका कंपनीत आहे, लग्नाला दोन वर्षं झाली, सुनेचं माहेरही साताऱ्यातच. यंदा तिला दिवस गेले आणि तारीख निघाली दिवाळीनंतरची. नवव्या महिन्यात तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, बाळ पायाळू आहे, फिरायचं नाव घेत नाही, सिझर करावं लागेल. दिवाळीच्या आठवड्यातला कुठलाही दिवस सांगा.

पुढच्या रविवारी धाकटा एकटाच आला. चप्पल काढली, आजीच्या पाया पडला आणि सरळ भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे धरलं.

"आई, चतुर्दशीला घेऊया."

त्याच्या तोंडावर असा आनंद होता की जणू माझ्यासाठी साडी आणलीय आणि मी पिशवी कधी उघडते याची तो वाट बघतोय. मी कॅलेंडरकडे बघितलं. चौकोनात छोटी पणती छापलेली होती.

आत्याबाई दिवाणावरून म्हणाल्या, "आरं, पर दिस मानसानं निवडला तर चालतंय व्हय?"

"आजी, देवानं निवडला काय न् डॉक्टरनं निवडला काय, जन्म तो जन्म."

"मला काय ठावं न्हाई बाबा. आमच्या येळंला पोरं त्यांच्या मनानं यायची."

"आई, तू सांग."

मी म्हणाले, "दुसरा दिवस बघ."

त्याला वाटलं मला नीट कळलं नाही. त्याने पुन्हा समजावून सांगितलं. त्या दिवशी बाळ झालं की सण सुटेल, पुढच्या वर्षीपासून घरात कढई ठेवता येईल, तुला लोकांच्या दारी तळायला जायला नको. मी ऐकून घेतलं.

"कळलं मला. दुसरा दिवस बघ. तो त्याचा दिवस आहे."

हे उठून बाहेर गेले. मग धाकटा खाली बसला आणि बोलायला लागला. तो कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही.

"त्याचा. आई, दादाबद्दल तुझ्या तोंडून आजपर्यंत मी काय ऐकलंय, माहितेय? तुझा दादा पहिल्या अंघोळीला गेला. एवढं एक वाक्य. त्याचा फोटो कपाटात साड्यांखाली आहे, तो मी चोरून बघितलाय. मी किल्ला अक्कांच्या अंगणात करायचो. मावळे माझे आणि अंगण त्यांचं. पोरं म्हणायची, आज तुझ्याकडे फराळाला येतो, आणि त्यांच्या आया त्यांना मागं ओढायच्या. तू सगळ्या गल्लीसाठी तळत होतीस. शाळेतून घरी आलो तर घराला कधी तळणाचा वास नसायचा. तुझ्या साडीला असायचा. मी तुझ्या साडीत तोंड घालून बसायचो आणि तू म्हणायचीस, लांब हो, मला अंघोळ करू दे."

हे मला आठवत होतं. पण मला वाटायचं तो लाडात येतोय.

"त्याला एक दिवस मिळाला. मला किती मिळाल्या दिवाळ्या?"

इथे एखाद्या आईने रडायला हवं होतं, निदान त्याला जवळ घ्यायला हवं होतं. माझ्या आत काहीच हललं नाही. मला एवढंच दिसत होतं की त्याच्या शर्टाचं वरचं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलंय. मी उठले आणि चहा टाकला. त्याने तो प्यायला आणि साताऱ्याच्या गाडीला निघाला. दारातून म्हणाला, "डॉक्टरांना गुरुवारपर्यंत सांगायचंय. तू म्हणशील तो दिवस घेऊ. मी परत विचारणार नाही."

तो गेल्यावर मी अक्कांच्या भाजणीची डाळ निवडायला बसले. आत्याबाई दिवाणावरून बघत होत्या. म्हणाल्या, "एक सांगू? रागावशील."

"सांगा."

"सण कवाच सुटलाय."

मी डाळीतून हात काढला नाही.

"पोरगं सातवीत व्हतं त्या साली. चतुर्दशीला सकाळच्या पारी आपली तांबडी गाय व्याली कोरेगावात. कालवड झाली. म्या एकलीच व्हते गोठ्यात. शेजारीण पाडव्याला आली तवा तिला म्हनलं, कालच्याला, आवसंला व्याली. कुणाला पत्ता लागू दिला न्हाई."

"यांना?"

"त्याला बी न्हाई."

मी मनातल्या मनात मोजलं. पंधरा वर्षं. पंधरा वर्षं आमच्या घरात अडलेलं काही नव्हतंच.

"का नाही सांगितलं, आत्याबाई?"

"दिवाळीला तुमच्याकडं येत व्हते तवा तुजं तोंड बघितलं व्हतं म्या. तुला त्येवढा योकच दिस. त्यो बी काडून घेऊ व्हय? म्या बी आई हाय."

"मग आज का सांगताय?"

"आता त्यो मागाय लागलाय," आत्याबाई म्हणाल्या. "त्यो बी तुजंच हाय न्हवं?"

मला राग यायला हवा होता. पोर सातवीत होतं, अजून किल्ले करत होतं, आठवी-नववी-दहावी, सगळ्या दिवाळ्या घरात झाल्या असत्या. या बाईने मला विचारलंसुद्धा नाही. आणि विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते? हेच म्हणाले असते, की कुणाला सांगू नका. म्हणून राग आला नाही, की मुळात माझ्याजवळ राग उरलाच नव्हता, ते ठरवता येत नाही. आत्याबाईंची मला दयाही आली नाही आणि उपकारही वाटले नाहीत. डाळीत दोन खडे निघाले, ते बाजूला काढले.

बुधवारी मी धाकट्याला फोन केला. म्हटलं, "चतुर्दशीला घ्या."

"नक्की?"

"हो."

"आई, रागाने नको हं."

"राग कसला? घ्या."

फोन ठेवल्यावर मी परत धणे भाजायला लागले. मी हो म्हणाले होते पण मला तो दिवस द्यायचा होता असं नाही. एवढंच, की तो माझ्याजवळ धरून ठेवायला आता काही कारण राहिलं नव्हतं, आणि एक पोर तो मागत होतं. गाईचं मी त्याला सांगितलं नाही. काय म्हणून सांगणार?

पण बाळाने कुणालाच विचारलं नाही. एकादशीला दुपारी सुनेच्या पोटात दुखायला लागलं, आणि चार वाजता धाकट्याचा फोन आला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मुलगी झाली. दोघी बऱ्या होत्या.

"थांबली नाही गं ती," तो म्हणाला. तो हसत होता. मग म्हणाला, "आता सण राहिला तसाच."

"असू दे," मी म्हटलं. "बाळ कसंय?"

आत्याबाईंचा एकादशीचा उपास होता. त्या खिचडीची ताटली खाली ठेवून म्हणाल्या, "तिनं तिचा दिस घेतला. पोरगी शाणी हाय." मग माझ्याकडे बघून ताटली परत उचलली. मुलगी झाल्याने घराला सोयर होतं, त्यामुळे दहा दिवस देवाला काही दाखवायचं नव्हतं. म्हणजे यंदा कोणीही कसलीही अपेक्षा केली नसती. अक्का सुद्धा म्हणाल्या, आता तू आधी नात बघून ये, माझं राहू दे. पण त्यांच्या भाजणीतली दोन वाट्या भाजणी मला कशाला हवी ते त्यांनी विचारलं नाही. मी मागितली आणि त्यांनी दिली, एवढंच झालं. एरवी प्रश्न विचारल्याशिवाय त्या कुणाला चमचाभर मीठ देत नाहीत.

पहिल्या अंघोळीच्या सकाळी हे नेहमीप्रमाणे निघून गेले. उजाडलं होतं, बाहेर पोरांचे फटाके चालले होते. मी अंघोळ केली, भाजणीत कडकडीत तेलाचं मोहन घातलं, तिखट, मीठ, तीळ, ओवा, आणि गरम पाण्यात पीठ मळलं. वर्षभर भजी-पुऱ्या ज्या कढईत होतात तीच कढई गॅसवर ठेवली. आत्याबाई काठी टेकत आल्या आणि स्टुलावर बसल्या. सोऱ्याला आतून तेलाचा हात लावून माझ्यापुढे ठेवला.

मला वाटलं होतं, पहिली चकली तेलात पडेल तेव्हा मला काहीतरी होईल. डोळ्यांपुढे काही येईल. तशी मी तयारीत होते. काही झालं नाही. बुडबुडे आले. एवढंच, की चकली मोडली. एकोणतीस वर्षांत माझी चकली मोडली नव्हती. पाणी कमी झालं म्हणून हबका मारून पीठ पुन्हा मळलं, तर दुसरा घाणा भरपूर तेल प्यायला. तिसरा जरा बरा निघाला. आत्याबाई म्हणाल्या, "व्हतंय की." मी घड्याळ बघितलं. साताऱ्याची गाडी गाठायची होती. अजून एका घाण्याचं पीठ परातीत होतं. मी गॅस बंद केला, पीठ तसंच झाकून ठेवलं, चकल्या डब्यात भरल्या आणि निघाले.

गाडीला गर्दी होती. कराडपर्यंत उभीच होते, तिथे एकीने सरकून जागा दिली. उंब्रजला स्टँडबाहेर झेंडूचे ढीग होते आणि गिऱ्हाईक नव्हतं. डबा मांडीवर घेऊन मी बसले होते. पिशवीतून चकलीचा वास येत होता, तेव्हा शेजारची म्हणाली, "घरची का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, वास चांगला येतोय.

हॉस्पिटलात विहीणबाई अंघोळीला घरी गेल्या होत्या. सून झोपली होती. धाकटा खिडकीपाशी खुर्चीवर बाळाला घेऊन बसला होता, इतका ताठ, की कोणी त्याला हलू नको म्हणून सांगितलं असावं. मी हात धुऊन आले आणि त्याने बाळ माझ्याकडे दिलं. मुलीचे डोळे मिटलेले होते, एक हात दुपट्याबाहेर आला होता. मी तो आत घातला, तिने परत बाहेर काढला. मी दुसऱ्यांदा घातला नाही.

"डब्यात काय आहे?"

"चकल्या."

त्याने डबा उघडला. "अक्कांकडच्या?"

"नाही. आपल्याकडच्या."

झाकण त्याच्या हातात तसंच राहिलं. "कधी केल्यास?"

"आज सकाळी."

"आज?"

"आज."

त्याने सुनेकडे बघितलं, ती झोपलेलीच होती. मग डब्यातली एक चकली उचलली आणि बराच वेळ नुसती धरून ठेवली. मी वाट बघत होते की तो विचारेल, सण अडलेला असताना कशा केल्यास, आणि मग मला गाईचं सांगावं लागेल. त्याने विचारलं नाही. एक घास घेतला.

"तेल प्यायलीय," तो म्हणाला.

"हो. पीठ बिघडलं."

"तुझं?"

"माझं."

त्याने ती संपवली आणि दुसरी घेतली. बाहेर कुठेतरी माळ वाजली, बाळ दचकलं आणि पुन्हा झोपलं. मग त्याने, खाताखाताच, माझ्याकडे न बघता विचारलं, "दादाला काय आवडायचं गं फराळातलं?"

मी सांगायला तोंड उघडलं.

त्या औषधाचा गुलाबी रंग मला आठवत होता. शालीचा काठ, रिक्षावाल्याचा स्वेटर, जिन्याच्या पायऱ्या किती होत्या ते. कढईत किती चकल्या होत्या ते. पण तो लाडू मागायचा की शेव, गोड खायचा की तिखट, चकली त्याला चावायची का, ओट्यापाशी येऊन काही मागायचा का, यातलं काही म्हणजे काही येईना. त्याच्या जाण्याचा दिवस मी एकोणतीस वर्षं राखला होता. त्याच्या आधीच्या साडेतीन वर्षांकडे मी एकदाही गेले नव्हते. बाळ माझ्या हातात होतं म्हणून मी सरळ बसून राहिले.

"आठवत नाही रे," मी म्हणाले.

तो खायचा थांबला. माझ्याकडे बघत राहिला. आणि मग जे बोलला ते त्याने इतकं साधेपणाने म्हटलं, की त्यात तक्रारसुद्धा नव्हती.

"मला वाटायचं, तुला फक्त तोच आठवतो."